परतीचे शेवटचे दिवस: लांबच्या रोड ट्रिपवरून घरी नीट पोहोचण्यासाठी

लांबच्या रोड ट्रिपची तयारी म्हटली की सगळा जोर निघण्याच्या दिवसावर असतो. गाडीचं सर्व्हिसिंग, मुक्कामांची बुकिंग, कुठे काय बघायचं याची यादी. परतीचा विषय मात्र 'आणि मग तिथून सरळ घरी' एवढ्यावर उरकला जातो. त्या 'सरळ घरी'मध्ये दीड-दोन हजार किलोमीटर असू शकतात, हे पहिल्यांदाच देशाच्या या टोकाहून त्या टोकाला निघालेल्या माणसाच्या लक्षात येतं ते थेट परतीला लागल्यावर. तोवर गाडी झिजलेली असते, चालवणारा थकलेला असतो, पाहायचं सगळं पाहून झालेलं असतं आणि घर दिसायला लागलेलं असतं. घाई सुटते ती नेमकी इथे.

ही घाई काही फक्त मोटारवाल्यांची नाही. मुक्कामाचं ठिकाण जवळ आलं की हवामान बिघडलेलं दिसत असूनही पुढेच जात राहायची ओढ वैमानिकांनाही लागते, आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या प्रशिक्षण पुस्तिकांत ती धोक्यांच्या यादीत रीतसर नोंदलेली आहे. तिथे निदान कंट्रोल टॉवर असतो. आपल्या गाडीत 'आता थांबा' म्हणणारं कुणी नसतं, असलं तरी आपण ऐकत नाही. म्हणून थांबायचे निर्णय आधीच, डोकं ताजं असताना घेऊन ठेवायचे. पुढचं सगळं त्याच्यासाठीच आहे.

पायरी १: हिशोब घरापासून मागे करा

परतीचे तीन-चार दिवस उरले की एका संध्याकाळी निवांत बसून नकाशा उघडा. आज जिथे आहोत तिथून पुढे मोजत जायची सवय असते, ती बाजूला ठेवा. घरावर बोट ठेवा आणि मागे या. घराच्या अलीकडे तीन ते चार तासांवर, साधारण २०० ते २५० किलोमीटरवर शेवटचा मुक्काम पक्का करा. ते ठिकाण बघण्यासारखं असायची गरज नाही. शांत खोली, गाडी लावायला सुरक्षित जागा आणि हमरस्त्यापासून फार आत नसणं, एवढं पुरे. मग तिथून मागे एका पूर्ण दिवसाचं अंतर, त्याच्याही मागे आणखी एक.

पूर्ण दिवस म्हणजे किती, यावर जो तो आपली फुशारकी सांगतो. कुणी एका दमात चौदा तास मारलेले असतात, कुणी सोळा. ज्यांचं पोटच गाडी चालवण्यावर आहे त्यांच्यासाठी काय नियम आहेत, ते बघा. युरोपीय संघात ट्रक आणि बस चालवणाऱ्यांना साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला ९ तासांहून जास्त चालवता येत नाही, आठवड्यातून दोनदा फार तर १०. हे सरावलेल्या लोकांसाठी आहे. वर्षातून एखाद्या वेळी लांब जाणाऱ्याने परतीच्या दिवसांत प्रत्यक्ष स्टेअरिंगवर सात तास ही मर्यादा मानावी, असं माझं मत आहे. एकटेच चालवणार असाल तर सहा.

नकाशाचं ॲप सांगतं तो वेळ निव्वळ चालवण्याचा असतो. त्यात इंधन, जेवण, स्वच्छतागृह, मुलांचं 'जरा थांबा ना' यांतलं काहीच नसतं. सांगितलेल्या वेळेत पाव भाग मिळवा. ॲप आठ तास म्हणत असेल तर दहा धरा, आणि दहा तासांचा दिवस आपल्याला खरोखर हवाय का ते ठरवा.

हिशोब बसत नसेल तर दोनच मार्ग आहेत: वाटेतलं एखादं ठिकाण सोडा, नाहीतर एक दिवस वाढवा. 'रोज थोडं जास्त चालवू' हा तिसरा मार्ग सगळ्यांना सुचतो आणि तोच बाद करायचा असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरी पोहोचण्याचा दिवस आणि कामावर रुजू होण्याचा दिवस यांच्यात एक कोरा दिवस ठेवा. रविवारी रात्री पोहोचून सोमवारी सकाळी ऑफिस, असा बेत केला की वाटेतला प्रत्येक पंक्चर, प्रत्येक पाऊस आणि प्रत्येक ट्रॅफिक जॅम थेट तुमच्या झोपेतून वजा होतो. रजा उरली नसेल तर हा दिवस सहलीतून कापून घ्या.

एक बारीक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. पूर्व-पश्चिम असा मोठा प्रवास असेल तर दिवसाची लांबी तीच राहते, पण उजेडाच्या वेळा सरकतात. एक रेखांश ओलांडला की सूर्याच्या वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. पंधरा रेखांशांना पुरा तास. देशभर एकच घड्याळ असेल तर पूर्वेकडे जाताना अंधार रोज तुमच्या अंदाजापेक्षा लवकर पडेल. वेगवेगळी प्रमाणवेळ असेल तर घड्याळ पुढे सरकून एक तास हातचा जाईल. मुक्कामावर 'सहाला पोहोचू' म्हणताना तिथे सहाला उजेड असतो का, हे बघून घ्या. आणि घर पश्चिमेला असेल तर रोज संध्याकाळी सूर्य समोर येणार, पूर्वेला असेल तर सकाळी. त्या तासाभरात काचेवर चकाकी इतकी येते की पुढच्या गाडीचे ब्रेक लाइटही दिसत नाहीत. त्या वेळेत चहा-नाश्त्याचा थांबा टाकला की प्रश्न मिटतो.

पायरी २: गाडीला अर्धा दिवस द्या

निघण्याआधी गाडी मेकॅनिकला दाखवली होती, म्हणून परतीलाही ती ठीक असेल असं धरू नका. मध्ये काही हजार किलोमीटर झालेत, कदाचित वर्षभरात होतात त्याच्या निम्मे. खराब रस्ते, घाट, धूळ, डिकीत कोंबलेलं सामान हे सगळं तिने सोसलंय. शेवटच्या लांब टप्प्याच्या आदल्या दिवशी, दुकानं उघडी असतील अशा वेळी, तिच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. निघायच्या सकाळी बोनेट उघडून उपयोग नाही, कारण तेव्हा काही सापडलं तरी तुम्ही 'घरी गेल्यावर बघू' म्हणणार.

सुरुवात टायरपासून. गाडी आणि रस्ता यांचा संबंध तळहाताएवढ्या चार ठिकाणीच येतो. हवा टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर मोजायची. चालवून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला असतो. तो पाहून हवा कमी केली तर थंड झाल्यावर ती कमीच भरते. हवामान बदललं तरी दाब बदलतो: तापमान साधारण ५-६ अंश सेल्सिअसने उतरलं की दाब सुमारे १ पीएसआयने घटतो. उन्हाळी सपाटीवर भरलेली हवा थंड डोंगराळ भागात पहाटे कमी दाखवते ती यामुळेच, पंक्चर असेलच असं नाही. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. तिथे बहुतेक वेळा दोन आकडे असतात, एक नेहमीचा आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीचा. परतीला तुमची गाडी भरलेलीच असणार, खरेदीचं सामान धरून. टायरच्या कडेवर छापलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा नसतो.

मग नक्षी बघा. बऱ्याच देशांत कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोली लागते, आणि टायरच्या खाचांत तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसात मात्र पकड त्याच्या बरीच आधी सुटायला लागते, कारण खाचांतून पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. पुढे पाऊस असेल आणि नक्षी जेमतेम असेल तर टायर वाटेतच बदला. घरी गेल्यावर बदलायचाच आहे, खर्च तोच. एकाच कडेने जास्त झीज दिसली तर बहुधा अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषेतली जुळणी, गेलेलं असतं. कडेला फुगवटा दिसला तर पुढे बोलण्यासारखं काही नाही, तो टायर काढा. वाटेत चाक बदललेलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायचे असतात. हे फार कमी लोक करतात.

स्टेपनीत हवा आहे का, तेही बघा. पातळ, तात्पुरत्या वापराची स्टेपनी असेल तर ती बहुधा ताशी ८० किलोमीटरच्या आतच चालवायची असते आणि तिच्यावर घर गाठायचं नसतं, जवळचं टायरचं दुकान गाठायचं असतं.

बाकीचं भराभर. इंजिन ऑइल गाडी सपाटीवर लावून, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवर बघा. लांबच्या प्रवासात ते थोडं कमी होतं. कूलंटची पातळी बाहेरच्या टाकीवरच्या खुणांवरून कळते. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि अंगावर उसळतं. ब्रेक दाबल्यावर खरखर, थरथर किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जाणं यांतलं काहीही असेल तर गॅरेज गाठा. वायपरची रबरं, सगळे दिवे, हॉर्न. सोबत कुणी असेल तर त्याला मागे उभं करून ब्रेक लाइट तपासून घ्या, आतून ते दिसत नाहीत.

काच बाहेरून सगळेच पुसतात. आतून पुसा. आठवडाभर बंद गाडीत बसून बोलणं, खाणं, एसी यांनी आतल्या बाजूला एक धुरकट थर चढलेला असतो. दिवसा तो जाणवत नाही, रात्री समोरून दिवे आले की सगळी काच पांढरी होते. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि शेवटच्या संध्याकाळी त्याचे आभार मानाल.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंगचे थांबे हेच विश्रांतीचे थांबे करा. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग बराच मंदावतो, त्यामुळे शंभर टक्के भरेपर्यंत बसण्यापेक्षा पुढे एक थांबा वाढवणं बहुधा सोयीचं पडतं. थंडीत रेंज कमी होते, तेव्हा पुढचा चार्जर गाठताना हाताशी राखीव ठेवा.

पायरी ३: झोपेची उधारी फेडा

हा या लेखातला सगळ्यात कामाचा भाग. घाई असेल तर बाकी सोडून हाच वाचा.

थकवा एका रात्रीचा नसतो, तो साठत जातो. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना सलग १४ रात्री सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची एकाग्रता रात्रभर जागरण करणाऱ्यांइतकी ढासळली. खरी मेख पुढे आहे: त्या लोकांना स्वतःला तसं वाटतच नव्हतं. पहिल्या काही दिवसांनंतर 'आता सवय झाली' असंच ते सांगत होते, आणि चाचणीतले गुण मात्र रोज घसरत होते. लांबच्या ट्रिपमध्ये रात्री उशिरा पोहोचणं, अनोळखी गादी, पहाटेचा सूर्योदय बघायला उठणं, असं करत आपण नेमकं हेच करत आलेलो असतो. म्हणून शेवटच्या दिवसांत 'मला काही झोप येत नाहीये' या स्वतःच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. तासांवर ठेवायचा.

दुसरा आकडा जागं राहण्याचा. ऑस्ट्रेलियातले ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारख्या होतात. अनेक देशांत गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा तीच आहे. २४ तास जागरण झालं की ते प्रमाण ०.१० टक्क्याच्या घरात जातं. पहाटे पाचला उठून निघालेला माणूस रात्री दहाला 'आता तासाभरात घर' म्हणत स्टेअरिंगवर असतो, तेव्हा त्याचे १७ तास भरलेले असतात. त्याने थेंबही घेतलेला नसतो. रस्त्याला त्याने काही फरक पडत नाही.

म्हणून शेवटच्या दोन रात्री मोजून सात-आठ तास झोप. ही गोष्ट वाटाघाटीची नाही. मुक्कामावर संध्याकाळी लवकर पोहोचा, जेवण लवकर, फोटो घरी गेल्यावर निवडता येतात. सकाळी उशिरा निघालात तरी चालेल. पहाटे तीनला उठून 'रिकाम्या रस्त्याचा फायदा' घेणारे अनेक आहेत. रस्ता रिकामा असतो हे खरं, पण शरीराचं घड्याळ मध्यरात्रीपासून पहाटे सहापर्यंत सर्वांत मंद चालतं आणि झोपेमुळे होणारे अपघात त्याच वेळेत जास्त होतात. दुसरी मंद वेळ दुपारी दोन ते चारची. तेव्हा भरपेट जेवण टाळा आणि शक्य असेल तर तो वेळ थांब्यात घालवा.

रस्त्यावर झोप आली हे कसं ओळखायचं? जांभया हे फार आधीचं लक्षण. त्यापुढची लक्षणं अशी: मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, गाडी लेनच्या रेषेवर जाते आणि परत येते, एखादा फाटा सुटतो, वेग आपोआप कमी-जास्त होतो, मान जड होते. यांतलं एक जरी झालं तरी पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं. ताशी १०० किलोमीटर वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटरहून जास्त अंतर डोळे मिटून.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं याने दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. खरा इलाज झोपच आहे, आणि त्यासाठी एक साधी युक्ती आहे. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासून पाहिलेली ही रीत: थांबा, एक कप कॉफी प्या आणि लगेच १५-२० मिनिटं पडून राहा. कॅफिनचा परिणाम व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. गजर लावा, कारण झोप गाढ झाली तर उठल्यावर डोकं आणखी जड होतं. उठल्यावरही पाच-दहा मिनिटं चालून मगच चावी फिरवा. आणि ही युक्ती एक-दोन तास पुढचा मुक्काम गाठण्यापुरती आहे, तिच्यावर रात्र काढायची नाही. संध्याकाळनंतरची कॉफी तर रात्रीची झोपच खाते. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही शरीरात असतो.

गाडीत झोपायचं तर इंजिन बंद करून. गॅरेजसारख्या बंदिस्त जागेत किंवा सायलेन्सर बर्फात, चिखलात बुजलेला असताना इंजिन चालू ठेवून झोपलं तर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला वास नसतो. एसीची हवा सतत आतल्या आत फिरवत ठेवली की गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढून सुस्ती येते, म्हणून चालवतानाही अधूनमधून बाहेरची हवा आत घ्या.

पायरी ४: घरच्यांना वेळ सांगू नका

'रात्री आठपर्यंत पोहोचतो, जेवायला थांबा' हे वाक्य फोनवर बोललात की त्या क्षणापासून तुम्ही आठ वाजताचे नोकर. सात वाजता दीडशे किलोमीटर उरले असले तरी पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. घरच्यांना दिवस सांगा, वेळ नको. 'परवा दुपारनंतर कधीतरी' पुरेसं आहे. काळजी करणारं कुणी असेल तर फोनवरून लोकेशन शेअर करा, म्हणजे 'कुठपर्यंत आलात?' हे फोन थांबतात आणि तुम्हाला चालवताना उत्तर द्यावं लागत नाही.

वेग वाढवून वाचतं तरी किती, तेही एकदा मांडून बघा. शेवटचे ३०० किलोमीटर ताशी १०० ऐवजी ११० च्या वेगाने काटले तर १६ मिनिटं वाचतात. तेही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. त्या बदल्यात धडकेची ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, थांबायला लागणारं अंतर वाढतं आणि इंधन जास्त जळतं.

पायरी ५: गाडीतली माणसं

दोघं चालवणारे असाल तर दोन-दोन तासांनी बदला, आणि बदल थकण्याआधी करा. 'तुला झोप आली की सांग' ही पद्धत चालत नाही, कारण झोप आलेला माणूस सांगत नाही. बाजूला बसलेल्याने निवांत झोपावं की गप्पा मारत जागं राहावं? दिवसा झोपू दे, पुढची पाळी त्याचीच आहे. अंधार पडल्यावर मात्र पुढच्या सीटवर कुणीतरी जागं हवं.

ट्रिपच्या शेवटी सगळेच एकमेकांना थोडे कंटाळलेले असतात. गाणी कुणाची लावायची यावरून भांडणं होतात ती याच दिवसांत. त्यात वावगं काही नाही, फक्त चालवणाऱ्याशी वाद घालायचा तो थांब्यावर.

मुलांसाठी परतीचा प्रवास सर्वांत कंटाळवाणा असतो, कारण पुढे काही बघायचं नसतं. दर दोन तासांना गाडी थांबवून त्यांना पळू द्या. मोठ्यांनीही चालायचंय: चार तासांहून जास्त वेळ पाय न हलवता बसलं तर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. मुळात ती शक्यता लहान आहे. पण गरोदर बायका, नुकतंच ऑपरेशन झालेले किंवा आधी असा त्रास झालेले लोक सोबत असतील तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारलेलं बरं.

पायरी ६: शेवटचा मुक्काम

बहुतेक लोकांचं पाऊल इथे डळमळतं. संध्याकाळी पाच वाजता तुम्ही ठरलेल्या मुक्कामावर पोहोचता, नकाशा म्हणतो घर साडेतीन तास. सगळे म्हणतात, चला ना, खोलीचे पैसे वाचतील, रात्री आपल्या पलंगावर झोपू. मोह खरा आहे. त्याला उत्तर आधीच तयार ठेवा: खोलीचे पैसे भरून ठेवा, तेही रद्द करता न येणारे. एरवी मी असला सल्ला देणार नाही, पण इथे तो नेमका कामाला येतो.

मुक्कामावर संध्याकाळ मोकळी मिळते, ती सामानासाठी वापरा. एका पिशवीत घरात शिरल्याशिरल्या लागणाऱ्या वस्तू: घराच्या किल्ल्या, औषधं, चार्जर, रात्रीचे कपडे. मळके कपडे वेगळ्या पिशवीत, सरळ मशिनपाशी जातील असे. जड सामान डिकीत तळाशी आणि सीटच्या पाठीला टेकवून. मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही ठेवू नका, जोरात ब्रेक लागला की तिथली पाण्याची बाटलीही डोक्यावर येऊन आदळते. मागे वजन जास्त झालं की हेडलाइट वर उचलले जातात आणि समोरच्याचे डोळे दिपतात. बऱ्याच गाड्यांत दिव्यांचा झोत खाली करायचं छोटं चाक डॅशबोर्डवर असतं, ते फिरवा.

इंधन त्याच संध्याकाळी भरा. उद्याच्या दिवसात जितके निर्णय कमी, तितकं बरं.

पायरी ७: शेवटचा दिवस

पोटभर झोपून, नाश्ता करून निघा. शहरात राहत असाल तर कधी निघायचं हे अंतरावर नाही, शहराच्या वेशीवर कधी पोहोचायचं यावर ठरवा. सुट्टी संपण्याच्या संध्याकाळी शहराकडे येणारा प्रत्येक रस्ता तुंबलेला असतो. सकाळच्या ऑफिसच्या गर्दीनंतर आणि संध्याकाळच्या गर्दीआधी, अकरा ते तीनच्या मध्ये शिरता आलं तर उत्तम. तीन-चार तासांवर मुक्काम केल्याचा आणखी एक फायदा इथे मिळतो.

ओळखीचा रस्ता लागला की लक्ष सैल होतं. अनोळखी घाटात जो माणूस दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून होता, तोच घराजवळ एका हाताने चालवत फोन चाळायला लागतो. अनेक दिवस हायवेवर चालवलेल्याला शहरातला वेगही नीट कळत नाही. शंभरच्या सवयीनंतर साठ म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. हायवे सोडल्यावर पहिली काही मिनिटं स्पीडोमीटरकडे मुद्दाम बघत राहा. दुचाकी, रस्ता ओलांडणारे, मध्येच उघडणारी दारं हे सगळं पुन्हा सुरू झालेलं असतं. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर हायवेवर ठेवत होतात, तेच इथेही ठेवा. पाऊस असेल तर चार.

आणि हवामान खरंच बिघडलं, घर शंभर किलोमीटरवर असलं तरी, तर थांबा. कोरा दिवस ठेवला होता तो यासाठीच.

पायरी ८: दारात पोहोचल्यावर

पहिला तास फक्त ती एक पिशवी, पाणी आणि आंघोळ. बाकी सामान उद्या काढलं तरी चालतं. फक्त खाण्याच्या वस्तू आणि मौल्यवान सामान गाडीत ठेवू नका. त्या दिवशी पुन्हा गाडी बाहेर काढायची नाही, दूध आणायलाही नाही.

कोऱ्या दिवशी गाडीकडे परत या. थंड इंजिनवर ऑइल बघा, जमिनीवर कुठे डाग पडलाय का बघा, ओडोमीटरचा आकडा टिपून ठेवा. समुद्रकिनाऱ्याने किंवा मीठ टाकलेल्या बर्फाळ रस्त्यांवरून आला असाल तर गाडी खालच्या बाजूने पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घ्या, मीठ राहिलं की गंज धरतो. एअर फिल्टर धुळीने भरलेला असण्याची शक्यता मोठी आहे. वाटेत ऐकू आलेले आवाज, जाणवलेली थरथर, कोणत्या वेगाला, गाडी गरम असताना की थंड, हे सगळं आठवतंय तोवर कागदावर लिहा आणि तो कागद मेकॅनिकच्या हातात द्या. 'जरा आवाज येतोय' यापेक्षा 'ऐंशीच्या पुढे, डावीकडून, ब्रेक दाबला की थांबतो' यावरून त्याला दोष फार लवकर सापडतो.